परक्याच्या भाऊबंदकींत आपली बंदूक

गेल्या महिन्यांत तालुक्याच्या गांवीं एका विद्वान गृहस्थांचें व्याख्यान झालें. विषय ब्रह्मदेशाचा होता. तेथें १ फेब्रुवारी २०२१ रोजीं सेनापतींनीं निवडून आलेलें सरकार मोडून राज्य बळकावलें आणि तेव्हांपासून प्रजा आणि पलटण यांची जुंपली, हें आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. व्याख्याते तळमळीनें बोलले. जाळलेलीं खेडीं, विमानांतून पडलेले बाँब, मिझोरमांत आसऱ्याला आलेलीं बायकापोरें, सारें त्यांनीं सांगितलें आणि तें खोटें नव्हतें. शेवटीं मात्र टेबलावर मूठ आपटून ते म्हणाले कीं, हिंदुस्थान सरकारनें आतां हातावर हात ठेवून बसूं नये. तेथील बंडवाल्यांना गुपचूप बंदुका आणि दारूगोळा पोंचवावा. शेजारधर्म म्हणतात तो हाच. टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या थांबल्यावर मागल्या बाजूनें एक लोहारबुवा उठले. म्हणाले, "साहेब, मी विळा करतों, कोयता करतों. गिऱ्हाइकाला ओळखतों. कोयता उंसाला लागला कीं भावाच्या मानेला लागला, हें आठ दिवसांत माझ्या कानावर येतें, आणि पंचांनीं बोलावलें तर जाब द्यायला मला जावें लागतें. तुम्ही म्हणतां त्या बंदुका कोणाच्या हातांत जाणार? आणि उद्यां त्या भलत्यावरच चालल्या तर जाब कोण देणार?"

सभा हंसली. व्याख्यातेही हंसले. "राजकारण कोयत्याइतकें सोपें नसतें, बुवा," असें म्हणून त्यांनीं घड्याळाकडे पाहिलें.

आम्ही त्या सभेंत बसलों होतों, आणि आम्हांला हंसूं आलें नाहीं. लोहारबुवांच्या सवालाचा जबाब त्या दिवशीं मिळाला नाहीं, तो देण्याचा आज आम्ही यत्न करतों. त्यासाठीं फार लांब जायला नको. रामेश्वराच्या पलीकडे समुद्राची एक चिंचोळी पट्टी ओलांडली कीं लंका लागते. तेथें हाच उद्योग आमच्याच सरकारनें, आमच्याच पैशानें करून पाहिला आहे. त्याला चाळीस वर्षें होऊन गेलीं. व्याख्यात्यांच्या दीड तासाच्या भाषणांत त्या हकीकतीचा एक शब्दही आला नाहीं, याचें आम्हांला मोठें नवल वाटतें.

प्रथम जें खरें तें कबूल केलें पाहिजे. लंकेंतील तामीळ लोकांवर अन्याय झाला, आणि तो थोडाथोडका नव्हे. १९४८ सालीं देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीं कायदा करून चहाच्या मळ्यांवरील तामीळ मजुरांचें नागरिकत्व काढून घेण्यांत आलें. हे मजूर कोण? इंग्रज मळेवाल्यांनीं तामीळ मुलखांतून नेलेल्या, बहुतेक खालच्या मानलेल्या जातींच्या गरिबांचीं हीं नातवंडें. सात लाखांच्या घरांतलीं माणसें एका कागदानें बेवारशी झालीं, आणि पुढच्याच वर्षीं त्यांचें मतही गेलें. त्या वेळीं जाफन्याच्या तामीळ वकिलांपैकीं कांहीं पुढारी सरकारांत जाऊन बसले. मळ्यावरला तामीळ आणि जाफन्याचा तामीळ एक भाषा बोलत, पण एका पंगतीला बसत नसत! चेल्वनायकम यांनीं मात्र याच प्रश्नावरून वेगळी चूल मांडली, हें त्यांच्या नांवावर जमा धरलें पाहिजे. पुढें १९६४ सालीं शास्त्री आणि सिरिमावो बाईंनीं करार केला: सव्वापांच लाख मजूर हिंदुस्थानानें घ्यावे, तीन लाख लंकेनें ठेवावे. गुरांच्या बाजारांत खांडें वांटावीं तशी ही वांटणी झाली, आणि ज्यांची वांटणी झाली त्यांना कोणीं विचारलें नाहीं.

खुद्द जाफन्यांतही सर्व गोडीगुलाबी होती असें नाहीं. जमीन वेल्लाळांच्या हातांत, आणि देवळाच्या दारांतून खालच्या जातींना मज्जाव. १९६८ सालीं माविट्टपुरमच्या देवळांत शिरूं पाहणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या लोकांना वरच्या जातींनीं दारांतच अडवलें. ही गोष्ट आम्ही अशासाठीं सांगतों कीं, 'तामीळ जनता' म्हणून एक अखंड गठ्ठा होता आणि त्याच्या हातांत बंदूक दिली कीं ती सर्वांच्या कामीं आली असती, अशी जी कल्पना आहे तिला मुळांतच भोंक आहे.

असो. सिंहली राज्यकर्त्यांनीं मात्र सर्व तामिळांना एकाच काठीनें हांकलें. १९५६ सालीं सिंहली हीच एक राजभाषा केली. तामीळ कारकुनाच्या पोटावर पाय आला. पुढें १९७० नंतर विद्यालयांत शिरण्यासाठीं तामीळ पोराला सिंहली पोरापेक्षां अधिक गुण लागूं लागले. १९८१ च्या मे महिन्याच्या अखेरीस जाफन्याचें ग्रंथालय जाळलें. सत्याण्णव हजारांच्या आसपास पुस्तकें राख झालीं. आणि मग जुलै १९८३. त्या महिन्याच्या २३ तारखेस वाघ म्हणविणाऱ्या संघटनेनें छापा घालून तेरा शिपाई मारले, आणि त्याचा सूड कोलंबोंतल्या निरपराधी तामीळ दुकानदारांवर, मास्तरांवर, बायकामुलांवर उगवला. वेलिकडेच्या तुरुंगांत, सरकारच्या कुलपाआड, ५३ तामीळ कैदी ठेंचून मारले गेले. एकंदर मेले किती? सरकार चारशेंच्या आंत सांगे, दुसरे तीन हजारांपर्यंत सांगतात. अशा वेळीं एखाद्या तामीळ पोरानें हातांत धोंडा घेतला तर आम्ही त्याला नांवें ठेवणार नाहीं.

पण धोंडा त्यानें स्वतः उचलणें वेगळें, आणि दिल्लीच्या कचेरींत बसून त्याच्या हातांत मशिनगन देणें वेगळें.

१९८३ नंतर दिल्लीनें दोन हात चालवले. उजव्या हातानें पार्थसारथी यांना समेटासाठीं कोलंबोस धाडलें. डाव्या हातानें परदेशी हेरगिरीच्या खात्याकडून देहरादूनकडील डोंगरांत आणि मद्रास मुलखांत तामीळ तरुणांसाठीं छावण्या उघडल्या. वाघ, टेलो, प्लोट, ईपीआरएलएफ, ईरॉस अशा पांच तऱ्हेच्या पांच टोळ्या, आणि पांचही टोळ्यांना शिकवणारा उस्ताद एकच. कोलंबोनें विचारलें कीं दिल्ली कानांवर हात ठेवी. लोकसभेपुढें याचा ठराव आला नाहीं, अंदाजपत्रकांत याचें कलम नव्हतें. काडीपेटीपासून चपलेपर्यंत जो कर तुम्ही आम्ही भरतों, त्यांतून हा खर्च झाला, आणि तो कोणत्या खात्यावर पडला हें तुम्हां आम्हांला आजतागायत कळलेलें नाहीं. मद्रासचे मुख्यमंत्री रामचंद्रन हे तर वाघांना उघड उघड कोट्यवधि रुपये देत. सिनेमांतला दाता, त्याला खऱ्या जगांतही दाता होण्याची हौस!

आतां कळीचा मुद्दा ऐका. ज्यांना बंदुका दिल्या त्यांना काय पाहिजे होतें? त्यांना वेगळें राज्य, तामीळ ईलम, पाहिजे होतें. देणाऱ्याला काय पाहिजे होतें? त्याला ईलम मुळींच नको होतें! शेजारीं एक तामीळ राज्य उभें राहिलें तर आपल्या मद्रासेंत काय होईल, या भीतीनें दिल्लीला झोंप लागली नसती. दिल्लीला हवें होतें एवढेंच कीं, जयवर्धने यांचे कान पिरगळावे, म्हणजे ते अमेरिकेच्या नादीं लागणार नाहींत. पुरावा पाहिजे तर १९८७ च्या करारासोबत दोन्ही सरकारांत जीं पत्रें गेलीं-आलीं तीं वाचा. त्यांत त्रिंकोमालीचें बंदर परक्या लष्कराच्या हातीं जाऊं नये म्हणून लिहून घेतलें आहे, परदेशी नभोवाणीच्या केंद्रांची गोष्ट आहे. वन्नीच्या भातशेतकऱ्याला, मुल्लैतीवूच्या कोळ्याला त्रिंकोमालीच्या बंदराशीं काय करायचें होतें? त्याचें पोर मात्र त्या बंदरासाठीं मेलें. विहीर खणायला पैसे द्यायचे, सुरुंगाची दारू द्यायची, आणि मनांत नवस बोलायचा कीं पाणी लागूं नये. खणणाऱ्याला हें कधीं ना कधीं कळणारच, आणि कळलें तेव्हां त्यानें पहार कोणावर उगारली तें पुढें सांगतों.

पहार प्रथम भावावर पडली. १९८६ च्या एप्रिल-मेमध्यें वाघांनीं टेलोवर हल्ला केला. दोन्ही बाजूंना तामीळ पोरें, दोन्ही एकाच छावणीचीं, दोन्हींना नेम धरायला शिकवणारे तेच. ६ मे रोजीं टेलोचा पुढारी सबारत्नम मारला गेला. त्याच्या टोळीचीं शेंकडों पोरें रस्त्यांत पडलीं. डिसेंबरांत ईपीआरएलएफचा नंबर लागला. सिंहली पलटणीला जें साधलें नव्हतें तें आमच्या बंदुकांनीं करून दाखवलें! याच्या आधींच, मे १९८५ मध्यें, वाघांनीं अनुराधपुरांत शिरून बसथांब्यावरील आणि बोधिवृक्षाजवळील दीडशेंच्या आसपास सिंहली यात्रेकरू आणि वाटसरू मारले होते. त्याच्याही आधीं, ऑगस्ट १९८४ मध्यें, मद्रासच्या विमानतळावर एका तामीळ टोळीचा बाँब फुटून तीसेक माणसें ठार झालीं. म्हणजे पहिल्या वर्षाच्या आंतच निखारा आपल्या ओसरीवर येऊन पडला. तरी भाता चालूच.

अमिर्तलिंगम यांचें नांव आज कोणाला आठवतें? १९७७ च्या निवडणुकींत तामीळ मतदारांनीं त्यांच्या पक्षाला अठरा जागा दिल्या, आणि ते पार्लमेंटांत विरोधी पक्षाचे पुढारी झाले. तामीळ शेतकऱ्यानें आणि विणकरानें कोणाला मत दिलें असेल तर या माणसाला. वाघांना कोणीं कधीं मत दिलें नव्हतें. पण बंदूक वाघांच्या हातीं आली, आणि जुलै १९८९ मध्यें कोलंबोंत अमिर्तलिंगम यांच्या घरीं जाऊन, चहा घेऊन, वाघांनीं त्यांना गोळ्या घातल्या. बाहेरून बंदुका आल्या कीं मतपेटींतून आलेला माणूस आधीं मरतो. कारण बंदूक वांटणारा परका हा मतें मोजीत नाहीं. कोण अधिक माणसें मारतो तें मोजतो, आणि त्यालाच पुढचा हप्ता देतो. अमेरिकेनें अफगाणिस्तानांत पाकिस्तानच्या हातून हेंच केलें. सर्वांत मोठा वांटा हेकमतयार याच्या पदरांत पडला, आणि रशियन गेल्यावर त्यानें १९९२ नंतर अग्निबाण टाकले ते काबूलच्या वस्तीवर.

आमच्याकडे दोघां भावांचा बांधावरून तंटा लागतो. पंच बसले तर तो एका रात्रींत तुटतो. पण मध्येंच सावकार येऊन धाकट्याच्या कानाशीं लागतो, "तूं माघार घेऊं नको, कोर्टाचा खर्च माझ्याकडे." मग तालुका, मग जिल्हा, मग मुंबई. दहा वर्षांनीं बांध कोणाचा हें विचारायला दोघांपैकीं कोणी शेतावर उरत नाहीं, उताऱ्यावर तिसऱ्याचेंच नांव लागलेलें असतें. महाराष्ट्रानें ही गोष्ट राज्याच्या पायरीवरही भोगली आहे. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर गादी हातची जाते असें पाहून राघोबादादा मुंबईकर इंग्रजांच्या दारीं गेले. मार्च १७७५ मध्यें सुरतेचा तह झाला. राघोबांनीं साष्टी-वसई देऊं केली आणि इंग्रजांनीं पलटण देऊं केली. सात वर्षें मुलूख तुडवला गेला. १७८२ च्या सालबाईच्या तहानें राघोबांना नेमणूक बांधून मिळाली, आणि साष्टी इंग्रजांच्या घशांत गेली ती गेलीच. साष्टीच्या आगऱ्याला, कोळ्याला, कुणब्याला कोणीं विचारलें होतें? फरक इतकाच कीं, १९८३ सालीं मुंबईकर इंग्रजांच्या खुर्चींत आम्ही बसलों होतों. आणि आम्ही तर असे सावकार निघालों कीं जमीनही मिळाली नाहीं आणि मुद्दलही बुडालें.

तें कसें बुडालें तें पाहा. २९ जुलै १९८७ रोजीं राजीव गांधी आणि जयवर्धने यांनीं करारावर सह्या केल्या. ज्या तामीळ टोळ्यांच्या नांवानें सारें चाललें होतें त्यांची त्या कागदावर सही नाहीं! दुसऱ्या दिवशीं मानवंदनेच्या वेळीं एका सिंहली नौसैनिकानें राजीव यांच्यावर बंदुकीचा दस्ता हाणला. आणि 'शांतिसेना' म्हणून आमची पलटण जाफन्यांत उतरली. तामीळ बायकांनीं हार घातले. दोन-अडीच महिन्यांत हार सुकले. १० ऑक्टोबरला लढाई जुंपली, आमच्या शिपायांची आणि आमच्याच छावणींत शिकून गेलेल्या वाघांची. दुसऱ्याच रात्रीं जाफन्याच्या विद्यापीठांत हेलिकॉप्टरांतून उतरलेल्या शीख पलटणीच्या तीस जवानांपैकीं एकोणतीस मेले, एक कैद झाला. आंतल्या लोकांना आमची चाल कशी ओळखूं आली? आमचे बिनतारी निरोप त्यांनीं चोरून ऐकले होते, मग ओळखूं न यायला काय झालें!

आणि आमच्या हातून काय झालें तेंही लपवून चालणार नाहीं. २१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवशीं, आमचे शिपाई जाफन्याच्या इस्पितळांत शिरले, आणि साठांवर रोगी, डॉक्टर, परिचारिका मारल्या गेल्या. ज्यांच्या रक्षणासाठीं म्हणून गेलों त्यांच्याच खाटेवर गोळी चालवली. त्या शिपायाला आम्ही एकट्याला दोष देत नाहीं. घराघरांतून गोळी येत असलेल्या परक्या शहरांत त्याला ढकलणारे निराळे होते आणि ते त्या रात्रीं गादीवर निजले होते.

या पलटणींत मराठे होते, महार होते, शीख होते, मद्रासी होते, गुरखे होते. म्हणजे कोण? सातारा-कोल्हापुराकडच्या कोरडवाहू रानांतून भरतीला उभीं राहिलेलीं पोरें. मेजर रामस्वामी परमेश्वरन हे जन्मानें मुंबईचे, महार पलटणीच्या आठव्या बटालियनचे. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्रीं शोधमोहिमेवरून परततांना त्यांच्या तुकडीवर छापा पडला. हातघाईंत छातींत गोळी लागली असतां त्यांनीं समोरच्याचीच बंदूक हिसकून त्याला लोळवलें, माणसांना हुकूम देत राहिले आणि मग प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें, तें योग्यच झालें. पण अशा माणसाला अशा लढाईंत कां मरावें लागलें, हा सवाल चक्राखालीं झांकून ठेवण्यासारखा नाहीं. अडीच वर्षांत बाराशेंच्या आसपास जवान तेथें पडले. दिल्लीच्या कचेरींतल्या ज्यांनीं १९८३ सालीं छावण्या उघडल्या त्यांच्यापैकीं कोणाचें पोर त्या यादींत आहे, हें एकदां यादी पुढें ठेवून सांगावें.

पुढची गोष्ट तर तमाशाच्या वगांत शोभावी अशी आहे. जयवर्धने यांच्या मागून आलेले प्रेमदास यांना आमची पलटण डोळ्यांत सलत होती. तिला घालवावी म्हणून त्यांनीं वाघांना, म्हणजे स्वतःच्याच राज्याच्या वैऱ्यांना, गुपचूप शस्त्रें दिलीं! इकडे आम्ही जातां जातां दुसऱ्या तामीळ टोळ्यांची 'राष्ट्रीय सेना' उभी करीत होतों. तिच्यासाठीं शाळेच्या वाटेवरून, सायकलीवरून ओढून पोरें भरतीला नेलीं. २४ मार्च १९९० रोजीं आमचें शेवटचें जहाज निघालें, आणि त्या पोरांना वाघांनीं कापून काढलें. त्या पोरांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं नाहींत. दक्षिणेंत त्याच कराराच्या रागावर सिंहली तरुणांचें बंड पेटलें, आणि तें मोडतांना लंकेच्या सरकारनें हजारों सिंहली शेतकऱ्यांचीं पोरें मारलीं, तें वेगळेंच.

२१ मे १९९१ रोजीं श्रीपेरुंबुदुर येथें वाघांच्या बाईनें अंगाला बांधलेल्या बाँबनें राजीव गांधी यांचे तुकडे केले. १ मे १९९३ रोजीं कोलंबोच्या मिरवणुकींत प्रेमदास तसेच गेले. एका हातानें ज्यांना पाजलें त्यांनीं दोन्ही पाजणारे खाल्ले. मधल्या काळांत, ऑक्टोबर १९९० मध्यें, वाघांनीं उत्तरेंतील सत्तर हजारांवर मुसलमानांना घरांतून बाहेर काढलें. जाफना शहरांत दोन तासांची मुदत दिली. पिढ्यान्पिढ्या तामीळच बोलणारे हे लोक. शिंपी, व्यापारी, कोळी, शेतकरी, सगळे नेसत्या वस्त्रानिशीं निघाले.

मे १९९४ किंवा मे २००४ मध्यें हें संपलें असें नाहीं. मे २००९ उजाडावा लागला. शेवटच्या महिन्यांत मुल्लैतीवूच्या वाळूच्या पट्ट्यावर वाघांनीं आपल्याच लोकांना ढालीसारखें पुढें धरलें आणि सरकारी तोफांनीं त्या ढालीवरच मारा केला. त्यांत चाळीस हजारांपर्यंत साधीं माणसें मेलीं असावींत, असें राष्ट्रसंघाच्या २०११ च्या चौकशी मंडळानें म्हटलें. १९८३ च्या जुलैंत जो अन्याय झाला त्याचें परिमार्जन झालें काय? ईलम मिळालें काय? त्रिंकोमालीचें बंदर तेवढें जागच्या जागीं आहे.

हें लिहीत असतां व्याख्यात्यांचा आवाज आमच्या कानीं येतो: "मग बंगालचें काय? १९७१ सालीं मुक्तिवाहिनीला शस्त्रें दिलीं तीं चूक होतीं काय?" सवाल चांगला आहे, आणि त्याला बगल देणें हें भ्याडाचें काम होईल. १९७१ सालीं एक कोटीच्या आसपास माणसें आमच्या हद्दींत येऊन पडलीं होतीं. ज्यांना मदत दिली त्यांना त्या मुलखांतील १६९ पैकीं १६७ जागा देऊन लोकांनींच निवडलें होतें. पांच टोळ्या नव्हत्या, एक सरकार होतें. त्यांना जें हवें तेंच अखेर आम्हांलाही हवें होतें. आणि डिसेंबरांत आमची पलटण उघड्यावर, निशाण लावून गेली. तेरा दिवसांत काम उरकलें आणि मार्चांत परत आली. जाब द्यायला सरकार लोकसभेंत उभें होतें. आमची तकरार नेमकी या गोष्टींच्या अभावाबद्दल आहे. इतकें असूनही मुजीब यांना १९७५ सालीं घरच्यांसकट मारणारे लष्करी अधिकारी निघाले, त्यांत त्याच मुक्तिलढ्यांतून आलेले होते, हें ज्यानें त्यानें मनांत ठेवावें. ब्रह्मदेशांत आज किती जातींच्या, किती खोऱ्यांच्या, किती निशाणांच्या सेना आहेत तें व्याख्यात्यांनीं मोजून सांगावें, आणि त्यांतल्या कोणाला काय हवें आहे तेंही सांगावें.

"आपण दिलें नाहीं तर चीन देईल," हा दुसरा दाखला. गांवांतला गुत्तेवालाही हेंच म्हणतो: मी नाहीं पाजली तर पलीकडचा पाजील. यावर अधिक शाई खर्चण्याची आमची तयारी नाहीं.

मग छळलेल्या माणसाला मरूं द्यावें काय? मुळींच नाहीं. त्याला दार उघडावें. भात, औषध, अंगावर पांघरूण, पोरांना शाळा द्यावी. जुलमी सरकारला उघडपणें, चारचौघांत जुलमी म्हणावें, त्याला हत्यार विकूं नये. यांत गुपित कांहीं नाहीं, म्हणून हेरखात्याला रस नाहीं. लंकेच्या निर्वासितांना मद्रासच्या छावण्यांत आसरा दिला ही गोष्ट चांगली झाली. पण त्या छावण्यांच्या पत्र्याखालीं जन्मलेल्या पोरांना पोरें झालीं तरी नागरिकत्व कोठें आहे? २०१९ सालीं शेजारच्या देशांतून आलेल्यांना नागरिकत्व देण्याचा कायदा झाला. त्यांत पाकिस्तान आहे, बांगलादेश आहे, अफगाणिस्तान आहे, लंका नाहीं. म्हणजे तामीळ पोराला बंदूक द्यायला आमच्याजवळ वेळ होता, कागद द्यायला नाहीं! आणि ब्रह्मदेशाचें म्हणाल तर मार्च २०२१ मध्यें दिल्लीहून सीमेवरल्या राज्यांना हुकूम सुटला कीं, आलेल्यांना आंत घेऊं नका. मिझोरमनें तो मानला नाहीं. तेथल्या गांवकऱ्यांनीं, देवळांच्या मंडळ्यांनीं आपल्या भाताच्या कोठींतून त्यांना जेवूं घातलें. व्याख्यात्यांच्या हृदयांत ब्रह्मदेशाविषयीं एवढा उमाळा आहे, तर टेबलावरली मूठ त्यांनीं त्या हुकुमावर आपटायची होती. ती आपटायला बंदूक लागत नाहीं आणि कोणाचें पोर मरत नाहीं.

हे गृहस्थ पुढील महिन्यांत पुन्हां याच गांवीं बोलणार आहेत असें समजतें. लोहारबुवांना आम्ही विचारलें, येणार काय? म्हणाले, "बाजारचा वार आहे, भट्टी लवकर विझवावी लागेल. पण येतों. अन् ह्या खेपेला पुढें बसतों, म्हणजे साहेबांना घड्याळ दिसायच्या आधीं मी दिसेन."